नवी डिस्क बसविली. आतां संगणक सुरू कां होत नाहीं?

घरांतील एखादी वस्तु जोंवर बिनबोभाट चालत असते, तोंवर ती कशी चालते हें पाहण्याची कोणासच गरज वाटत नाहीं. आमच्या माजघरांतील संगणकाची हीच गोष्ट होती. थोरले बंधु त्यावर प्राप्तिकराचें विवरणपत्र भरीत, धाकटी भावजय शिकवण्या घेई, मुलें अभ्यासाच्या नांवाखालीं बरेंच कांहीं करीत, आणि मातोश्री परदेशीं असलेल्या नातवंडांचीं तोंडें दर रविवारीं त्याच पडद्यावर पाहत. वस्तु सर्वांची; म्हणून तिची निगा कोणाचीच नाहीं. एकत्र कुटुंबांत असें पुष्कळ वेळां घडतें. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस हा संगणक एके सकाळीं सुरूच होईना. त्यानंतरच्या चार दिवसांत आम्हांस जें शिकावें लागलें, तें इतर घरांतहि उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या यंत्रांत दोन हार्ड डिस्क होत्या. पहिली २०१८ सालीं यंत्राबरोबरच आलेली, ५०० गिगाबाइटची. ती भरत आली तेव्हां २०२१ सालीं १ टेराबाइटची दुसरी घेतली व तिच्यावर विंडोज ही कार्यप्रणाली नव्यानें बसविली. पहिलीकडे तेव्हांपासून केवळ अडगळीच्या खोलीचें काम उरलें आहे, अशी आमची सर्वांची समजूत होती. हार्ड डिस्कच्या पोटांत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात, आणि वाचणारा कांटा त्यांच्या पृष्ठभागापासून केसाहूनहि कमी अंतरावर तरंगत असतो. अशा डिस्कमधून टकटक असा आवाज येऊं लागला, म्हणजे तिचे दिवस भरत आले असें बहुधा समजावें. आमची पहिली डिस्क श्रावणापासून टकटक करूं लागली होती.

आमचा पुतण्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानें सुचविलें कीं, आतां एसएसडी घ्यावी. हिच्यांत फिरणारा भाग मुळींच नसतो. सारा मजकूर अर्धवाहकाच्या सूक्ष्म पेशींत विद्युद्भाराच्या रूपानें राहतो. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर ते दोनशें मेगाबाइट वाचते, तर साधी साटा जातीची एसएसडी पांचशेंच्या वर वाचते. शिवाय हिला कांटा इकडून तिकडे न्यावा लागत नसल्यामुळें लहान लहान फाइली शोधण्यांत तर दोघींची तुलनाच नाहीं. सूचना सर्वांस मानवली. एसएसडी आली. पुतण्यानें रात्रभर बसून विंडोज असलेल्या दुसऱ्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर उतरविली, सकाळीं दोन्ही जुन्या डिस्क काढल्या, नवी जोडली आणि कळ दाबली.

काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली : सुरू करण्याजोगें साधन सांपडत नाहीं.

त्यानें नवी काढून विंडोजची जुनी डिस्क परत लावली. ओळ तीच! आतां मात्र त्याचा चेहरा उतरला. "काका, कालपर्यंत चालणारी डिस्कहि आज चालत नाहीं," एवढेंच तो म्हणाला. दुरुस्तीच्या एका दुकानांत दूरध्वनि केला, तेव्हां उत्तर मिळालें कीं, सर्व पुसून नव्यानें बसवावें लागेल. आंतलें कांहीं राहील याची हमी नाहीं.

येथें घरांतील एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमच्या कैलासवासी तीर्थरूपांनीं निवृत्तीनंतर सहा वर्षें खपून आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत जुळविला होता. गांवोगांवच्या भाऊबंदांकडे जाऊन त्यांनीं मोडी कागदांचीं छायाचित्रें घेतलीं, म्हाताऱ्या माणसांकडून नांवें विचारून घेतलीं, आणि वंशावळीच्या सर्व शाखा संगणकावर स्वतः टंकलिखित केल्या. मूळ कागदांपैकीं कांहीं पुढें वाळवीनें खाल्ले. येत्या मार्गशीर्षांत मातोश्रींचें सहस्रचंद्रदर्शन करावयाचें होतें, व त्या दिवशीं हा वृत्तांत छापून आप्तेष्टांच्या हातीं द्यावा असें ठरलें होतें. त्याची प्रत या संगणकांत होती; आणि, सांगावयास लाज वाटते, पण फक्त याच संगणकांत होती.

मातोश्री स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभ्या राहिल्या व म्हणाल्या, "ह्यांचे कागद त्यांतच आहेत ना रे?" कोणीच उत्तर दिलें नाहीं.

यंत्र सुरू होतें म्हणजे काय होतें?

त्या दिवशीं आम्हीं पहिली चांगली गोष्ट केली ती ही कीं, कांहींच केलें नाहीं. यंत्र बंद करून, तें सुरू कसें होतें हें आधीं समजून घ्यावयाचें ठरविलें.

संगणकाची कळ दाबतांच विंडोज जागी होत नाहीं. प्रथम मदरबोर्डवरील एका चिपेंत साठविलेली छोटी आज्ञावली जागी होते. ती स्मृति, कळफलक, पडदा इत्यादींची हजेरी घेते व मग कार्यप्रणाली कोणत्या डिस्कवर आहे याचा शोध करते. जुन्या यंत्रांत या आज्ञावलीस बायोस म्हणत. ती डिस्कचे अगदीं पहिले ५१२ बाइट वाची व तेथें जी सूचना असेल तिच्याप्रमाणें पुढें जाई. अलीकडील यंत्रांत तिची जागा यूईएफआय या पद्धतीनें घेतली आहे. २०२१ सालीं आलेल्या विंडोज ११ ला तर हीच पद्धत लागते. या पद्धतींत डिस्कवर एक लहानसा निराळा विभाग राखलेला असतो, बहुधा १०० मेगाबाइट किंवा त्याहून थोडा मोठा. विंडोज सुरू करून देणारी फाइल त्याच विभागांत असते. रोजच्या वापरांत तो विभाग डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून तो आहे याचा पत्ताहि पुष्कळांस नसतो.

यावरून एक मोठी गोष्ट ध्यानांत येते. डिस्कवरील मजकूर शाबूत असणें आणि त्या डिस्कवरून यंत्र सुरू होणें या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. लाख रुपयांचा ऐवज कपाटांत सुरक्षित असूं शकतो, आणि तरीहि किल्ली न सांपडल्यामुळें कपाट उघडत नाहीं. किल्ली सांपडत नाहीं म्हणून कपाट जाळण्याचा सल्ला जो देतो, त्याचें ऐकूं नये.

तपासाचा क्रम

आम्हांस वाटतें, अशा वेळीं ज्या तपासण्यांनीं कांहींच बदलत नाहीं त्या आधीं कराव्या, आणि ज्यांनीं कांहीं पुसलें जाईल त्या सर्वांत शेवटीं. त्या धोरणानें पुढील क्रम लावला आहे.

पहिलें काम, पडद्यावर आलेली ओळ जशीच्या तशी कागदावर उतरून घ्यावी. पडदा अगदींच कोरा राहिला, तर दोष बहुधा डिस्कच्या आधींच्या पायरीवर आहे. स्मृतीची पट्टी किंवा दुसरी एखादी जोडणी हलली असेल. साधन सांपडत नाहीं अशी ओळ आली, तर हजेरीपर्यंत सर्व ठीक असून पुढची वाट चुकली आहे. विंडोजचें चिन्ह येऊन मग निळा पडदा आला, तर डिस्क सांपडली, पण तिच्याशीं बोलण्याची रीत जुळत नाहीं. या तीन दुखण्यांचीं औषधें निरनिराळीं आहेत.

दुसरें काम, मदरबोर्डला नवी डिस्क दिसते कीं नाहीं हें पाहावें. यंत्र सुरू होतांच एफ २, डिलीट किंवा त्या यंत्राला लागू असेल ती कळ दाबली, म्हणजे आंतल्या आज्ञावलीचें पान उघडतें. तेथें डिस्कचें नांवच नसेल, तर विंडोजविषयीं विचार करण्यांत अर्थ नाहीं. यंत्र बंद करावें, भिंतीवरील तार काढावी, धातूच्या पेटीला हात लावून अंगांतील स्थिर वीज जाऊं द्यावी, आणि दोन्ही केबल काढून पुन्हा नीट बसवाव्या. साटा डिस्कला एक अरुंद केबल मजकुराची व एक रुंद केबल विजेची लागते. यांपैकीं एखादी अर्धवट बसणें हा सर्वांत साधा व सर्वांत वारंवार आढळणारा दोष आहे. एम.२ जातीच्या पट्टीसारख्या एसएसडींत आणखी एक मेख आहे. कांहीं पट्ट्या साटा रीतीनें बोलतात व कांहीं एनव्हीएमई रीतीनें. दिसावयास त्या जवळजवळ सारख्या, पण प्रत्येक खांच दोन्ही रीती समजतेच असें नाहीं. कांहीं मदरबोर्डांवर तर एम.२ खांच वापरली कीं, साटाची एखादी जागा आपोआप बंद होते. यासाठीं मदरबोर्डची पुस्तिका चाळावी. विकत घेण्यापूर्वीं चाळली तर अधिक चांगलें.

तिसरें काम, डिस्क दिसत असेल तर क्रम पाहावा. यंत्र कोणत्या साधनाकडे आधीं जावयाचें याची एक यादी ठेवतें. तींत नव्या डिस्कवरील विंडोजचें नांव वर आणावें व जोडून राहिलेला एखादा पेन ड्राइव्ह काढून ठेवावा. यंत्राची तारीख भलतीच मागें गेली असेल, तर मदरबोर्डवरील रुपयाच्या नाण्याएवढी, ३ व्होल्टची बॅटरी संपली असण्याचा संभव आहे. ती संपली म्हणजे कित्येक यंत्रांत हा क्रमहि विसरला जातो.

चौथें काम, जुनी व नवी पद्धत यांची सरमिसळ झालेली नाहीं ना, हें पाहावें. बायोसच्या काळांतील डिस्कची आंखणी एमबीआर या पद्धतीची असते, व यूईएफआयच्या काळांतील जीपीटी पद्धतीची. डिस्क एका पद्धतीची व यंत्राची मांडणी दुसऱ्या पद्धतीची असली, तर दोन्ही निर्दोष असूनहि गांठ पडत नाहीं. डिस्क न पुसतां एमबीआरवरून जीपीटीवर नेण्याचें साधन विंडोजमध्येंच आहे. पण तें चालविण्यापूर्वीं मजकुराची दुसरी प्रत हवी.

विंडोजचें चिन्ह येऊन निळा पडदा येत असेल, तर साटाची रीत एएचसीआय कीं रेड हें पाहावें. डिस्क बदलण्यापूर्वीं जी रीत होती, तीच परत ठेवावी. बहुतेक वेळां तेवढ्यानें काम भागतें.

पांचवें काम, डिस्क दिसते, क्रम बरोबर आहे, पद्धतहि जुळते, आणि तरीहि ओळ तीच येते. तर त्या डिस्कवर सुरुवातीचा तो लहान विभाग आहे कीं नाहीं हें पाहावें. आमचें कोडें येथेंच सुटलें.

किल्ली कोठें होती?

पहिल्या चार पायऱ्यांत आम्हांस दोष आढळला नाहीं. तेव्हां आम्हीं पुतण्याला म्हटलें, "काल रात्रीं जसें होतें, अगदीं तसें परत लाव." विंडोजची डिस्क जागच्या जागीं होतीच. उरली टकटकणारी पहिली. ती त्या सकाळींच थोरल्या बंधूंनीं वर्तमानपत्रांत गुंडाळून दाराशीं ठेवली होती. दुपारीं ती पुसून भंगारवाल्यास द्यावयाची होती. ती सोडवून आणली, जोडली, कळ दाबली, आणि विंडोज नेहमीप्रमाणें उघडली!

उलगडा असा झाला. २०२१ सालीं दुसऱ्या डिस्कवर विंडोज बसवितांना पहिली डिस्क जोडलेलीच होती. तिच्यावर सुरुवातीचा विभाग आधींपासून तयार असल्यामुळें विंडोजनें नवा न करतां तोच वापरला. घर नव्या जागीं गेलें, पण किल्ली जुन्याच वाड्याच्या खुंटीवर राहिली. पुढील चार वर्षें यंत्र रोज सकाळीं जुन्या डिस्ककडे जाऊन किल्ली घेई व नव्या डिस्कचें दार उघडी. आम्हीं दुसऱ्या डिस्कची प्रत केली ती बिनचूक होती; तथापि जें मुळांतच नव्हतें तें प्रतींत कोठून येणार?

याहून मोठा धक्का पुढें बसला. तीर्थरूपांच्या कुलवृत्तांताचें चिन्ह पडद्यावर विंडोजच्या डिस्कवर दिसत असे; म्हणून तो तेथेंच आहे असें आम्ही धरून चाललों होतों. पाहतों तों तें चिन्ह केवळ वाट दाखविणारें निघालें. खरें फोल्डर होतें त्या टकटकणाऱ्या, वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या डिस्कवर. संगणक जर पहिल्याच प्रयत्नांत सुरू झाला असता, तर आमच्या तीर्थरूपांचीं सहा वर्षें त्या दुपारीं आम्हींच आपल्या हातांनीं पुसून टाकलीं असतीं.

मग आम्हीं दुरुस्तीचें नांव बाजूला ठेवलें व प्रथम तें फोल्डर उतरून घेतलें. मरणोन्मुख डिस्कवर दुरुस्तीची आज्ञा चालवूं नये. तिचें उरलेलें आयुष्य प्रत काढण्यांतच खर्चावें, कारण तपासणीचा प्रत्येक फेरा तिच्यावर ताण घालतो. मजकूर सर्व मिळाला. छायाचित्रांपैकीं अकरा वाचतां आलीं नाहींत. सात कागदांचे मूळ भाऊबंदांकडे अद्याप आहेत, त्यांचीं छायाचित्रें पुन्हा घेतलीं. चार कागद वाळवीनें गेले आहेत, ते आतां कायमचे गेले.

त्यानंतर दुरुस्ती. दोन्ही जुन्या डिस्क काढल्या. मूळ डिस्क व तिची हुबेहूब प्रत एकाच वेळीं जोडल्यास दोघींची ओळखखूण एकच पडून घोटाळा होतो, म्हणून ही खबरदारी. शेजाऱ्यांच्या संगणकावर ८ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर विंडोज बसविण्याचें साहित्य घेतलें, त्यावरून यंत्र सुरू केलें, व बसविण्याऐवजीं दुरुस्तीचा पर्याय निवडला. आपोआप होणारी दुरुस्ती आमच्या कामीं आली नाहीं. तेव्हां पुतण्यानें आज्ञेची खिडकी उघडून नव्या एसएसडीच्या मोठ्या विभागांतून ३०० मेगाबाइट जागा मोकळी केली, तेथें सुरुवातीचा विभाग फॅट ३२ या पद्धतीनें आंखला, आणि बीसीडीबूट या आज्ञेनें विंडोजमधील सुरुवातीच्या फाइली त्यांत उतरविल्या. या खिडकींत विभागांचीं अक्षरें नेहमीचींच असतील असें नाहीं. म्हणून प्रत्येक आज्ञेपूर्वीं आपण कोणत्या डिस्कवर आहों हें त्यानें मोठ्यानें वाचावें व आम्हीं कागदाशीं ताडून पाहावें, असा नियम केला होता. सर्व काम वीस मिनिटांचें. पेन ड्राइव्ह काढला, कळ दाबली, आणि पूर्वीं दोन मिनिटें घेणारें यंत्र पंधरा सेकंदांत उभें राहिलें.

कांहीं खबरदाऱ्या

ज्यांच्या यंत्रांत बिटलॉकर नांवाचें कुलूप लागलेलें असेल, त्यांनीं मदरबोर्डवरील कोणतीहि मांडणी बदलण्यापूर्वीं ४८ अंकांची किल्ली शोधून कागदावर लिहून ठेवावी. नव्या यंत्रांत हें कुलूप पुष्कळदां न सांगतांच लागलेलें असतें, व मांडणी बदलतांच यंत्र ही किल्ली मागूं शकतें. ती नसेल तर आंतला मजकूर मालकासहि परका होतो.

हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेलें कित्येकदां परत मिळवितां येतें, कारण जागेवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत जुनें तेथेंच असतें. एसएसडी मात्र पुसलेली जागा स्वतःच झाडून मोकळी करीत असते. म्हणून तिच्यावरून गेलेलें बहुधा गेलेंच. वेग वाढला, तशी सावधगिरीहि वाढली पाहिजे. शिवाय वर्षानुवर्षें विजेवांचून कपाटांत पडून राहिल्यास एसएसडींतील विद्युद्भार क्षीण होत जातो. त्यामुळें दीर्घकाळ जपावयाच्या मजकुराची ती एकमेव तिजोरी करूं नये.

नवी डिस्क चालूं लागली म्हणून जुनी लगेच पुसूं नये. निदान महिनाभर ती बाजूस ठेवावी. पुसण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकानें आपापला मजकूर नव्या डिस्कवर स्वतः उघडून पाहावा, आणि तो पाहतांना जुनी डिस्क जोडलेली नसावी. आमच्या घरीं हा नियम असता, तर त्या चार दिवसांची धास्ती टळली असती. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, दोन निरनिराळ्या जातींच्या साधनांवर असाव्या, व त्यांतील एक घराबाहेर असावी.

आमच्या घरीं आतां हें काम पाळीपाळीनें करावयाचें ठरलें आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं ज्याची पाळी असेल त्यानें प्रत काढावयाची, आणि वहींत तारीख घालून सही करावयाची. तीर्थरूपांच्या फोल्डरची एक प्रत पुण्यास धाकट्या बहिणीकडे आहे. सहस्रचंद्रदर्शनाचे दिवशीं कुलवृत्तांत ठरल्याप्रमाणें वाटला गेला; त्यांत चार ठिकाणीं कोऱ्या चौकटी आहेत, व त्या कोऱ्या कां, हें खालीं दोन ओळींत नमूद केलें आहे. थोरल्या बंधूंची सूचना होती कीं, त्या चौकटी गाळाव्या. मातोश्री म्हणाल्या, "राहूं द्या. पुढच्यांना कळेल, जपावयाचें काय असतें तें."